दोन चाळीसची नोंद

घणसोली, सिडकोची खोली, पुढे वाढवून घेतलेली गॅलरी.
रात्रपाळी माझी, घरातल्या घरात.
कुठल्यातरी थंड देशातल्या लोकांचे पगार जुळवते,
आणि नेमका शेवटचा आकडा बसवताना
नेट जातं.
तीन-चार सेकंद. मग येतं,
काही झालंच नाही अशा चेहऱ्याने.

वायफाय नव्हे हो, वायर आहे.
वायरवर माणूस विश्वास टाकतो.

निकेश मढवी आला, राउटर बदलला,
चपला घालता घालता म्हणाला, "ताई, ते लिनक्स काढा,
विंडोज टाका."
चहा देऊन झाला होता, परत मागता येईना.

मग मीच बसले.
काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं. कर्नलला विचारलं.
हा कर्नल फौजेतला नाही, पण खाक्या तोच:
विचाराल तेवढंच सांगणार, सेकंदासकट.
लिंक डाउन.
लिंक अप, हजारच्या वेगाने.
लिंक डाउन.
लिंक अप, शंभरच्या.

ड्रायव्हर बदलून पाहिला.
कार्डाची वीजबचत बंद केली, काही कार्डं म्हणे
काम नसलं की डुलकी काढतात.
पोर्ट बदललं. पिंग लावून बसले:
चौसष्ट बाइट गेले, चौसष्ट आले,
गेले, आले,
दुपारभर आलेच. एकही हरवला नाही.
बिघाडालासुद्धा माझ्यासारखीच रात्रपाळी.

मग वायरीची तपासणी मागितली. उत्तर आलं:
चार जोड्यांपैकी तीन ठीक. चौथी उघडी.
चौथी म्हणजे तपकिरी. केशरी, हिरवी, निळी
आपापलं काम करत होत्या,
आणि ही एक मधूनच हात सोडत होती.

आठवड्याच्या नोंदी वहीत उतरवल्या.
सोमवार, दोन एक्केचाळीस. पुन्हा तीन पंचवीस.
मंगळवार, दोन अडतीस. पुन्हा तीन वाजून पाच.
बुधवार, दोन चाळीस, आणि मग थेट चार.
यंत्र असतं तर ठोक्याला बिघडलं असतं.
ही चूक मिनिट-दोन मिनिटं मागेपुढे होणारी.
म्हणजे माणूस.

गुरुवारी काहीच नाही.
गुरुवारी भाऊ आत्याकडे होते, कळव्याला.

वायर भिंतीकडेने जाते, मग गॅलरीच्या सरकत्या दाराखालून
आत येते. वाकून बघितलं.
दाराच्या चाकाने ती चेपून चपटी केलेली,
निळं वेष्टण फाटून आतले रंग दिसत होते.

हेडफोन कानावर, पाठ दाराकडे,
सहा फुटांवर माझे वडील रोज उठत होते,
दार सरकवत होते, उभे राहत होते, दार लावत होते.
मला ते माहीत नव्हतं.
कर्नलला माहीत होतं.

शनिवारी नवी वायर आणली, बारा मीटर,
चौकटीच्या वरून नेली, खिळे ठोकले.
भाऊंनी स्टूल धरलं. म्हणाले,
"खालून बरी होती की, दिसत नव्हती."

त्या रात्री पगार एका दमात जुळले.
नोंद कोरी. दोन चाळीसला कोरी, दोन पंचेचाळीसला कोरी.
मी हेडफोन काढला
आणि चाकांचा आवाज ऐकला, वाळूवरून डबा ओढावा तसा.

बाहेर गेले. बनियनवर उभे, हात कठड्यावर.
"नेट गेलं का तुझं?"
"नाही, चालू आहे."

समोर रबाळ्याच्या बाजूला काचेची इमारत,
पाचवा मजला उजेडात.
"तिथे आमचा वजनकाटा होता," भाऊ म्हणाले.
"रंगाची पिंपं. तिसऱ्या पाळीला चहा पावणेतीनला यायचा."
मग बऱ्याच वेळाने,
"आता काय करतात तिथे?"
"पगार जुळवतात, भाऊ. दुसऱ्यांचे."
"रात्री?"
"रात्री."