गाव या रकान्यात

तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पलीकडं, उद्यमबागेत,
नेमिनाथ चौगुल्यांच्या शेडात
एकोणीस वर्षं मी डिस्पॅच लिहितोय.
पंपाचं केसिंग, व्हॉल्व्हची बॉडी,
नग, वजन, हीट नंबर, गाडी नंबर.
चाकणच्या कंपनीची ऑर्डर मेलवर यायची.
मी ती वहीत उतरवायचो, वहीतून कॉम्प्युटरात,
कॉम्प्युटरातून त्यांच्या पोर्टलवर.
एकच आकडा तीनदा,
आणि तिन्हीकडं तो तोच राहील
याची जबाबदारी माझ्या चष्म्यावर.

एकदा आठाचा तीन झाला.
गाडी त्यांच्या गेटवर दोन दिवस उभी.
ड्रायव्हर सोमनिंगचा फोन:
"अण्णा, हितं म्हणतेत तुमचा माल आलाच नाही.
मी मालावर बसून बोलुलालोय."

मग कंपनीचं पत्र. पुढच्या तिमाहीपासून
ऑर्डर, पोच, चलन, बिल
यंत्रानं यंत्राला सांगावं.
ज्यांना जमणार नाही त्यांनी तसं कळवावं.
कळवलं की काय होतं, ते न लिहिताच कळलं.

बेंगळुरूहून टायवाला आला.
सुरुवातीला चार लाख, नंतर दर ओळीला पैसे.
"ओळीला?" मालक म्हणाले,
आणि त्याला कुंदा खाऊ घालून वाटेला लावलं.

गुरुसिद्ध वडगावचा.
बापाच्या मागाची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं
त्याच्या टेबलावर, चहाचा कप ठेवायला.
महिन्याला नऊशे म्हणाला.
मालकांनी बोटांवर हिशेब केला,
शेडातला चहा याहून महाग पडतो.
पोरगा कानडीत पुटपुटतो, मराठीत भांडतो,
तिसरं काय लिहितो ते मला वाचता येत नाही.
तीन रात्री बसला, जळक्या वाळूच्या वासात.

पहिला संदेश गेला
आणि परत आला.
नाकारला. कारण: गाव जुळत नाही.

त्यांच्या यादीत आम्ही बेलगाम,
साहेब लिहून गेला तसे.
परवान्यावर बेळगावी.
माझ्या चलनाच्या शिक्क्यावर बेळगाव.
यंत्राला वाटलं, तीन गावं.

ग्राइंडर बंद झाला.
इराप्पा हात पुसत स्क्रीनजवळ आला, मीही.
कुणी काही बोललं नाही.
या एका शब्दापायी पाट्यांना काळं लागलंय,
बस निपाणीतच थांबल्यात.
एक नोव्हेंबरला माझ्या दंडावर काय असतं
आणि इराप्पाच्या गळ्यात काय,
ते आम्ही दोन तारखेला विचारत नाही.
डबा मात्र एकत्र उघडतो.

गुरुसिद्धनं वर बघितलंच नाही.
दोन रकान्यांचा तक्ता उघडला.
डावीकडं तिन्ही नावं, एकाखाली एक.
उजवीकडं तिघांसमोर
तोच सहा आकडी पिनकोड.
"आता कोण काय पण म्हणू दे,"
आणि एंटर मारला.

पोच आली.
मालकांनी ती कागदावर काढायला लावली,
पद्मावतीच्या फोटोखाली टाचली.
नुसत्या चांदण्या, रेघा आणि आकडे.
इराप्पा म्हणाला, "रांगोळी की ओ ही,"
आणि ग्राइंडर पुन्हा चालू केला.

आता मी येतो तेव्हा
ऑर्डर येऊन बसलेली असते.
चाळीस केसिंग, वीस बॉडी. कुणी लिहिली नाही,
कुणाचा हात दुखला नाही.
मी खुर्ची पुसतो. आकडे मोठ्यानं वाचतो,
त्यांना ऐकू येत असल्यासारखे.

वही अजून लिहितो, मालकांना न सांगता.
काल वरच्या कोपऱ्यात तारीख घातली,
आणि गाव लिहिताना पेन थांबलं.
पिनकोड लिहिला.

मग ग्राइंडरकडं एकदा बघून,
बारीक अक्षरात,
नावपण.