तूट

जालन्यात लोखंडाला कुणी नाव विचारत नाही.
सळई असो, नांगराचा फाळ असो, एसटीचा पत्रा असो,
काट्यावर चढलं की सगळं एका जातीचं,
रात्री भट्टीत.

सतरा वर्षं झाली, हनीफसेठच्या वखारीत
मी हा काटा सांभाळतो.
भरला ट्रक उणे रिकामा ट्रक.
माझा सगळा धंदा वजाबाकीचा.

गेल्या दिवाळीनंतर एक पोतं आलं.
कुणाच्यातरी स्कूटरचं काळीज:
निळ्या प्लास्टिकात बोटाएवढे सेल,
पेटीत काडतुसं लावावीत तसे.
काटा म्हणाला, अकरा किलो.
सेठ म्हणाले, थांब, याचा भाव फोनवर येतो.

तेव्हापासून रोज सकाळी सातला पुण्याचा माणूस.
निकेल इतकं, कोबाल्ट तितकं,
लिथियम काल पडलं होतं, आज जरा उठून बसलंय.
जन्मात न पाहिलेल्या धातूंची
तब्येत मला पाठ झालीय.

मागच्या पत्र्याखाली चंद्रकलाबाई खरात सेल सोलते.
आधी तांब्याच्या तारा सोलायची.
हातमोजा उजव्याच हाताला; डावा उघडा,
कोणता सेल अजून गरम आहे ते त्याला कळतं.
"मेला म्हणून आणून टाकतेत," ती म्हणते,
"पण जीव पोटात धरून बसलेला असतोय."
पोळ्याच्या आदल्या रात्री एकानं तो सोडला.
पाणी मारलं तर फुत्कारला.
शेवटी वाळू टाकली, कुंडलिकेची, चोरीची,
शेजारच्या बांधकामावरून आणलेली.
चोरीच्या वाळूनं वखार वाचली.

तिची विशाखा शेंद्र्याला, कारखान्यात,
नव्या गाड्यांच्या पॅकचे बोल्ट आवळते.
पांढरा कोट, डोक्याला जाळी,
आत जाताना बूटसुद्धा पुसून घेतात म्हणे.
मायलेकी रविवारी भेटतात,
बॅटरीबद्दल बोलत नाहीत.

मध्ये कुणीतरी पेपर वाचून विचारलं,
आपल्याकडं खाण निघंल का हो याची?
सेठ हसले. जालना सोने का पालना, म्हणाले,
आणि पोत्यावर पाय ठेवला.

दळून आली की पूड काळी होते,
रानातल्या मातीसारखी, हुबेहूब.
चंद्रकलाबाईनं पहिल्यांदा पाहिली तेव्हा
सवयीनं चिमूट उचलून वास घेतला.
"हिच्यात काय पेरावं?"
कुणालाच उत्तर सुचलं नाही.

काल चाळीस किलो पूड भरली. परत मोजली तर
एकोणचाळीस, तीनशे ग्रॅम.
पोतं फाटलेलं नव्हतं. काटा मीच तपासला, दोनदा.
सेठ म्हणाले, तूट लिही, होतं तसं.
बाहेर नळावर चंद्रकलाबाई हात धूत होती,
खोकत, मधे थांबून, पुन्हा धूत,
आणि मोरीतून जाणारं पाणी
बराच वेळ स्वच्छ व्हायला तयार नव्हतं.

सातशे ग्रॅम.
मी तूट लिहिली.
रकाना एवढाच आहे, त्यात नाव मावत नाही.