अठरा

रात्री दोनचा तक्ता भरताना
माझ्या पेनला आकडा आधीच ठाऊक असतो.
श्वास : अठरा.
सहाला अठरा, दहाला अठरा,
दुपारपाळीच्या मुलीनेही अठराच लिहिलेत,
जणू वॉर्डातली चोवीस माणसं
एकाच वल्ह्याच्या तालावर श्वास घेतात.

बीपी यंत्र सांगतं. ऑक्सिजन बोटावरची चिमटी सांगते.
ताप काखेत कळतो.
श्वासासाठी मात्र कुणाला तरी उभं राहावं लागतं
हातातलं सगळं खाली ठेवून
पूर्ण एक मिनिट.
आणि मिनिट आणायचं कुठून,
चोवीस खाटांना आम्ही दोघी असताना?

अकरा नंबरला चोडणच्या फेरीबोटीवरचा इनास.
तीस वर्षं मांडवीवर सुकाणू धरलं,
आता न्यूमोनिया, तिसरा दिवस,
फाईल म्हणते, सुधारतोय.
त्याची बायको पिएदाद स्टुलावरून उठून आली :
बाय, तो तसो न्हय गे.
काय होतंय? दुखतंय कुठे?
नाही.
मग?
संध्याकाळपासून त्यानं तिला एकही शिवी घातली नव्हती.

तक्त्यावर शिवीचा रकाना नाही.
पेज अळणी म्हणून त्यानं वाटी सारली नाही,
म्हापशाच्या ह्या तिसऱ्या मजल्यावरून, जिथून नदी दिसतही नाही,
भरती कधीची म्हणून विचारलं नाही.
ह्याचे किती गुण लावायचे?

मी पेन कानामागे खोचलं.
गळ्याच्या खळगीकडे बघत राहिले.
अर्ध्या मिनिटातच सोळा झाले, तेव्हा वाटलं
दुप्पट करून मोकळं व्हावं.
झाले नाही.
एकतीस.
पांघरूण सारलं तर गुडघे थंड,
त्यांवर जाळीसारखी निळसर नक्षी.

फोन.
डॉक्टर केंकरे, झोपेतून : बीपी?
एकशे दहा.
ऑक्सिजन?
नळीवर त्र्याण्णव.
मग?

ह्या 'मग'पाशी मी एकदा गप्प झालेय.
सहा नंबरची खाट, गेल्या चवथीच्या आदली रात्र.
'सकाळी बघू'ला मी 'बरं' म्हटलं होतं,
आणि तक्त्यात, माझ्याच वळणदार अक्षरात,
चार वेळा अठरा.
पाचवा रकाना कोरा.

मग तुम्ही वर या, मी म्हटलं.
एकतीस आहेत, मी मोजलेत,
आणि त्याची बायको म्हणते, हा तसा नाही.
पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मग चपला शोधल्याचा आवाज.

पुढचं सगळं घाईचं :
दोन्ही हातांना सलाईन, रक्ताच्या बाटल्या,
लिफ्ट नेमकी तळमजल्यावर,
ढकलगाडीचं एक चाक तिरकं पळणारं.
लिफ्टच्या दारात इनास ओठांतल्या ओठांत काही पुटपुटला.
पिएदाद वाकली, ऐकलं, आणि त्याच्या चपला
छातीशी धरून आत शिरली.
काय म्हणाला, मी विचारलं नाही.

अकराची चादर अजून ओलसर, गरम.
तो राहील की जाईल, मला कळायचं नाही,
सकाळी सातला माझी पाळी संपते.
मी रकान्यात एकतीस लिहिलं.
त्या सरळ ओळीत तो आकडा
वाळूतून वर आलेल्या खडकासारखा दिसला.

बारा नंबरच्या सावर्डेकरबाई गाढ झोपलेल्या.
तक्ता हातात घेतला. दहाला अठरा.
पेन कानामागे.
घड्याळ वर.
एक.
दोन.