विसळताना

चौसष्ट पेले आहेत, बोटाच्या पेराएवढे.
दोन फुटले गेल्या नाताळात, म्हणजे बासष्टच,
पण रजिस्टरात अजून चौसष्ट.
प्रभुभोजन झालं की मी मागच्या नळावर बसते,
एकेकात करंगळी फिरवते.
तळाशी द्राक्षारसाचा ठिपका असतो,
जांभळा, हट्टी.

आधी एकच पेला होता.
चांदीचा मुलामा उडालेला, कडेला पोचा,
बुडाला कुणा मडमेचं नाव, आता न लागणारं.
सगळ्यांचे ओठ त्याच कडेला.
मग एका वर्षी पंचांनी ठराव केला:
साथीचे दिवस आहेत, आरोग्य महत्त्वाचं.
साथ होतीच. मी नाही म्हणत नाही.
फक्त त्याच महिन्यात
माझे सासरे पहिल्यांदा पुढच्या बाकावर बसले होते.

माझा आजा हलगी वाजवायचा, कवठ्याच्या जत्रेत.
बाप्तिस्म्याच्या पाण्यात पुष्कळ धुऊन गेलं.
दारू गेली, देवऋषी गेला,
पाटलाची भीतीसुद्धा थोडी.
आडनाव नाही गेलं.
ते अजून चर्चच्या दारातून आमच्या आधी आत शिरतं
आणि आमची जागा दाखवतं.

त्या रविवारी मिरजेत ऊन असं
की हॉस्पिटलच्या भिंतीजवळची कुत्री गटारात बसलेली.
रॅली येणार होती.
पाळकसाहेब म्हणाले, फाटक लावा, घंटा नको.
घोषणा आल्या. पहिली सतारमेकर गल्लीसाठी,
दुसरी आमच्यासाठी.
मी पेले विसळत राहिले.

मग फाटकावर थाप. नुसत्या बोटांची.
तीन पोरं. एकाच्या नाकातून रक्त, उन्हानं.
"मावशी, पाणी हाय का?"
मधला मी ओळखला.
मार्चात याच फाटकावर त्यानं काळं फासलं होतं,
मी दोन दिवस घासत होते.

वैऱ्याबद्दलचं वचन तेव्हा आठवलं
असं सांगितलं तर बरं दिसेल.
आठवलं एवढंच, की किल्ली कमरेला आहे
आणि माठ भरलेला आहे.

हात पेल्यांकडे गेला, मागे आला.
तहानलेल्याला पेरभर पाणी म्हणजे थट्टाच.
वरच्या फळीवर फडक्यात तो जुना होता.
त्यात दिलं.
एकानं प्याला, कड न पुसता दुसऱ्याला दिला,
दुसऱ्यानं तिसऱ्याला.
त्यांच्यातही आळ्या असतीलच.
तहानेत दिसल्या नाहीत,
संध्याकाळी दिसल्या असतील.
"मावशी, ही ट्रॉफी हाय व्हय?"
मी म्हटलं, हो.
"कशात जिकलासा?"
मला सांगता येईना.

बुधवारी पंचांनी बोलावलं.
पवित्र वस्तू, बाहेरची माणसं, तुझं हे धारिष्ट.
नथानिएलदादा वाईट नाही,
माझ्या बाळंतपणात मध्यरात्री रिक्षा त्यानंच आणली.
तो हळूच म्हणाला, नुसतं चुकलं म्हण, मिटलं.
नाही म्हटलं.
धाडस कसलं, जीभच वळली नाही.
घरी येऊन रडले.
भाकरी करपली.

जुना पेला आता पंचांच्या कपाटात, कुलपात.
परवा फाटकावर पुन्हा रंग.
त्या मधल्याचा हात असेल, नसेल.
निरमा आणलाय.

आज रविवार.
साठावा पेला, एकसष्टावा.
शेवटच्यात बोट घातलं नाही.
नळाखाली धरला, भरला,
आणि प्याले, तळच्या ठिपक्यासकट.
कुणाचा होता, माहीत नाही.

मग बादली घेऊन फाटकाकडे.