गुलाबी मणी

मिरजेच्या लॅबमध्ये दिवसभर माझ्यासमोर
लाल नळ्या उभ्या असतात,
तळाशी बसत जाणारं रक्त, वर चिकटवलेली नावं.
त्या सोमवारी एका नळीवर माझ्याच अक्षरात होतं:
शेवंता बाबू ऐवळे, वय एकावन्न, मणेराजुरी.
सात पूर्णांक आठ.
मी मशीन पुन्हा चालवलं.
सात पूर्णांक आठ.

आई जानेवारीभर पॅकिंग शेडमध्ये बसते,
हातात लांब चोचीची कात्री.
पहाटे पारा आठवर आला
की हिरव्या मालात मधेच एखादा मणी गुलाबी होतो.
मालक जुन्या वर्तमानपत्रांत घड गुंडाळतात,
अख्खी बाग बातम्या पांघरून झोपते,
तरी चार-दोन होतातच.
व्यापारी म्हणतो, पिंक बेरी,
आणि बोटानं पेटी बाजूला सरकवतो.
मग आई कापते.
कापलेले मणी बादलीत,
बादली बायकांची.

रिपोर्ट बघून ती माझ्यावरच चिडली.
"मी काय कमी लाल खाल्लंय?
रोज वाडगाभर हे मणी. वर बीट.
वर आटपाडीच्या पाव्हण्यानं दिल्याली डाळिंबं.
रंगानं रंग वाढतो, आमची आय सांगायची."

मी खुर्ची ओढून बसले.
त्या लालात लोह नसतं, आई.
अँथोसायनिन म्हणतात त्याला,
सालीच्या पेशीत, पाण्यात विरघळलेलं.
आपलं लाल श्वास वाहून नेतं,
त्याचं जागचं हलत नाही.

"मग येल करतुय कशाला ते?"

थंडीत ऊनही झेपत नाही त्याला, म्हणून.
"आन् फुलात?"
पाखरांना दिसावं म्हणून.
"आन् पिकल्यावर?"
कुणीतरी खावं, बी लांब न्यावं.

ती जरा वेळ गप्प राहिली.
"म्हंजी गोधडीबी तीच
आन् आवतनबी तीच."

चार वर्षं शिकून मला हे एवढ्यात सांगता आलं नसतं.

"आपल्या पोटात गेल्याव काय करतंय?"
काचेच्या बशीतल्या पेशींना बरं वाटतं.
उंदरांनाही.
माणसात फार थोडं पोचतं,
पुढचं अजून कुणी छातीठोक सांगत नाही.
"उंद्रांचं बरं हाय," आई म्हणाली.

तिनं रिपोर्ट परत द्यायला हात पुढं केला
आणि मी तो हात धरूनच ठेवला.
तळव्यावर निळसर हिरवा डाग,
मुका मार लागल्यासारखा.
माझ्या मनात आधी प्लेटलेटचा आकडा आला,
मग दुसरं काही, ज्याचं नाव मी घेत नाही.
"आगं, चुना हाय," ती हसली,
"तंबाकू मळली, आन् त्याच हातानं मणी चिरडलं."
उठून तिनं फडताळातलं अर्धं लिंबू घेतलं,
तळव्यावर फिरवलं.
निळं गेलं. हळूहळू
गुलाबी परत आलं, मळकट, पण आलं.

बारावीला जास्वंदीच्या पाकळ्या उकळून
मी हेच केलं होतं,
एका परीक्षानळीत सोडा, एकीत आम्ल,
दहापैकी आठ मार्क.
तिनं तळहातावर केलं
आणि हात लुगड्याला पुसला.

उरलेलं लिंबू मी पाण्यात पिळलं,
लोहाची गोळी तिच्या पुढ्यात ठेवली.
चहा आता दोन तासांनी.
"दोन तास?"
दोन तास. तंबाखूचं उद्या बोलू.
"आन् ह्ये?"
दारामागं बादली होती,
वर शेडमधलाच एक फाटका कागद,
त्यावर गेल्या आठवड्याचा द्राक्षांचा दर.

खा की, मी म्हटलं.
रक्तासाठी नाही.
गोड आहेत म्हणून.