चावी

आमच्याकडे पाणी नवव्या दिवशी.
रात्री दोनला, कधी पहाटे चारला.
बायका माझ्या सायकलच्या खडखडाटावर उठतात.
मी आधार भिला, नगरपालिकेचा चावीवाला.
बोरीकाठचं अर्धं गाव माझ्या मनगटावर पितं.

पाणी बंद केलं की लाइन नुसती पडून राहत नाही
हे वीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.
ती श्वास ओढते.
जिथं चीर असेल तिथून, जे असेल ते.
आणि आमची लाइन नि आमची गटार
एकाच चारीत झोपतात, एका गोधडीत.

आखाजीला माहेरवाशिणी आल्या.
निंबाला झोके, घरोघर सांजोऱ्यांचा वास,
पितरांच्या घागरीवर डांगर.
हर्षालीला सहावा सरत आलेला.
उन्हातून आली, माठात तांब्या बुडवला,
उभ्यानंच प्यायली. म्हणाली,
"माहेरनं पानी, माय, गोडच लागस."

त्याच आठवड्यात चौकात लाइन गळत होती.
मी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, वर सुतळी.
गळणं थांबलं.
बाहेरचं.

मग काहीच झालं नाही.
झोके सुटले, दुकानात कपाशीचं बी आलं,
हर्षाली बाळंतपणासाठी राहूनच गेली.
पाचव्या आठवड्यात शिंपी गल्लीत एक पोरगा:
ताप, मळमळ, भाकरीचा वाससुद्धा नको.
मग त्याचा काका. मग मास्तर.
लघवी काळ्या चहासारखी, डोळे पिकल्या केळीचे.
लोकांनी कालपरवाचं खाणं आठवलं,
लग्नाची पंगत, भरीत, गाडीवरचा बर्फाचा गोळा.
सव्वा महिन्यामागचा तांब्या कोण आठवतो?

रस्त्यावरचा एक बाबा चुन्याच्या पाण्यात हात धुवायचा.
पाणी पिवळं होई, लोक म्हणत, उतरली.
मी मास्तरांना घेऊन गेलो होतो, गंमत म्हणून हात पुढे केला.
माझंही पाणी पिवळं झालं.
मला तर काहीच नव्हतं.

कोकिळाताई वही घेऊन आली, आशा कार्यकर्ती.
काय खाल्लं, हे तिनं कुणालाच विचारलं नाही.
बोटांवर आठवडे मागे मोजले, माझ्याकडे वळली,
"आधारभाऊ, आखाजीले लाइन कोठे फुटेल व्हती?"
मी ट्यूब सोडून दाखवली.
आतून गटारीचा काळा लेप.
ती म्हणाली, ही ई कावीळ, पाण्यातून येते, घाणीतून पाण्यात.
हिला गोळी नाही, आराम आहे,
बहुतेक जण महिना-दीड महिन्यात उठतील.
मग थांबली. "कोणा घरात पोटुशी बाई शे का?"

मी सायकल टाकून पळालो.
सायकलवर बसायचं सुचलंच नाही.

दोन दिवस हर्षाली जेवली नव्हती.
आठव्यात होतं असं, म्हणत होते.
मी पोचलो तेव्हा ती आपल्या आईला विचारत होती,
तू कोणाची?

धुळ्याला सतरा दिवस.
हर्षाली परत आली.
दुपट्यांचं गाठोडं तिच्या आईनं
न सोडता कोठीमागं टाकलं.
मला कुणी काही बोललं नाही.
अजूनही बोलत नाहीत.

आता लाइन नवी, गटारीपासून लांब, हातभर वर.
ट्यूब मी खिळ्याला टांगून ठेवली आहे, घरात, दिसेल अशी.
कोकिळाताईनं काचेची नळी दिली, औषधाची बाटली दिली:
टोकाच्या नळाचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे,
पिवळं झालं तर समजायचं, क्लोरीन इथवर पोचलं.
तरी मी दारोदार सांगत फिरतो,
उकाळीसनच प्या, चांगलं खळखळू द्या,
संडासाहून आलात की साबण.
हसतात. हसू देत.

टोकाचा नळ हर्षालीच्या दारात आहे.
पहाटे ती कंदिलासारखा मोबाइल धरून येते,
काही बोलत नाही, नळी माझ्या हातातून घेते,
उजेडासमोर धरते.
आणि आम्ही दोघं वाट बघतो
पाणी पिवळं होण्याची.