एक बोल्ट उरला

उणे अठरा. सास्काटूनच्या उत्तरेला एक गॅरेज,
तुळईला साखळी, साखळीला लोंबकळतंय
लायला ह्रिंचुकच्या नवऱ्याचं इंजिन.
ट्रक गंजून गेला, एवढंच काय ते धड होतं.
चारशे डॉलर, वर एक पोतं बटाटे.

ओरेस्टचा पिकअप अठ्ठ्याहत्तरचा.
कपकेकच्या साच्यात बोल्ट, खणाखणाला खडूचे आकडे;
तरी एक उरलाच. कुठला, देव जाणे.
खिशात टाकला.

तिसऱ्या रविवारी
खोकलं, धुरकटलं, मग धरला सूर,
मधूनच एक ठोका गाळत.

कुंपणापलीकडे लायलाचा आंधळा कुत्रा उठला,
बर्फातून चाचपडत फाटकापाशी जाऊन बसला,
शेपूट हलवत.

ओरेस्टचा हात चावीवर.
पेट्रोल जळतंय.
जळू दे.